एका पैची चूक आणि रांजणभर पाणी
नाथषष्ठीनिमित्त श्रीएकनाथ महाराजांच्या संसाराचे स्मरण

रंगपंचमीचा रंग अंगावरून पुरता उतरलेलाही नसतो, तोच दुसऱ्या दिवशी फाल्गुन वद्य षष्ठी उजाडते आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून निघालेल्या दिंड्या पैठणच्या वाळवंटात टेकतात. षष्ठी, सप्तमी आणि अष्टमी असे तीन दिवस गोदातीर टाळमृदंगाच्या घोषाने दुमदुमून जाते व अष्टमीच्या काल्याने या सोहळ्याची सांगता होते. ज्यांना जाणे घडते ते भाग्यवान. परंतु ज्यांना जाणे घडत नाही, त्यांची संख्या नेहमीच अधिक असते आणि आजचा हा लेख आम्ही विशेषेकरून त्यांच्यासाठीच लिहीत आहोत.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहराच्या पूर्वेस जालना रस्त्यावर मुकुंदवाडी आहे. एके काळचे हे खेडे. शहर वाढत गेले आणि त्याने या खेड्याला आपल्या कुशीत घेतले. लहानसे रेल्वे स्थानक, पलीकडे चिकलठाण्याचे कारखाने आणि मध्ये दाटीने उभी राहिलेली श्रमिकांची घरे, असे या वस्तीचे रूप आहे. येथील कित्येक घरांत तुळशीची माळ आहे, एकादशी आहे, हरिपाठ आहे. पण षष्ठीच्या दिवशी पाळी चुकविता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. पुरुषाला यंत्रापाशी उभे राहावे लागते आणि गृहिणीला नळाच्या वेळेकडे लक्ष ठेवावे लागते. मग मनाला एक चुटपूट लागून राहते. आपले सारे आयुष्य पोटाच्या मागे गेले, देवासाठी वेळ उरलाच नाही, अशी खंत आम्ही अशा घरांतून पुष्कळदा ऐकली आहे.

या खंतीला उत्तर शोधावयाचे तर फार दूर जावयास नको. मुकुंदवाडीहून पश्चिमेस वीसएक किलोमीटरवर देवगिरीचा दुर्ग उभा आहे आणि दक्षिणेस पन्नासएक किलोमीटरवर पैठण वसलेले आहे. नाथांच्या आयुष्याची दोन टोके म्हणजे हीच दोन स्थळे होत. एका ठिकाणी त्यांनी हिशेबाच्या वह्या लिहिल्या, दुसऱ्या ठिकाणी संसार केला. आणि या दोहोंतूनच त्यांना परमेश्वर भेटला.

पोरके बालपण

नाथांचा जन्म पैठण येथे शके १४५५ च्या, म्हणजे इ. स. १५३३ च्या सुमारास झाला, असे परंपरेने मानले जाते. त्यांचे घराणे विठ्ठलभक्तांचे. पणजोबा भानुदास महाराज यांनी विजयनगरला नेलेली पांडुरंगाची मूर्ती पुनश्च पंढरीस आणली, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. भानुदासांचे पुत्र चक्रपाणी, त्यांचे पुत्र सूर्यनारायण आणि सूर्यनारायण व रुक्मिणीबाई यांच्या पोटी एकनाथांनी जन्म घेतला. परंतु मातापित्यांचे सुख या बालकाच्या वाट्यास आले नाही. तान्हेपणीच आईबापांचे छत्र हरपले आणि वृद्ध आजाआजींनी, चक्रपाणी व सरस्वतीबाई यांनी, नातवाला वाढविले.

पोरके मूल एक तर हट्टी होते किंवा अंतर्मुख होते. एकनाथ अंतर्मुख झाले. पुराण ऐकताना शंका विचाराव्यात, देवळात एकटे बसून राहावे, अशी त्यांची वृत्ती असल्याचे चरित्रकार सांगतात. पुराणिकांना सर्वच शंकांचे समाधान करता येईना. गुरू पाहिजे, ही ओढ मनात वाढू लागली आणि वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास एके रात्री कोणासही न सांगता हा मुलगा घराबाहेर पडला तो थेट देवगिरीस गेला. मागे आजाआजींवर काय प्रसंग गुदरला असेल, त्याची कल्पना मुलेबाळे असलेल्या प्रत्येकास येईल. तरुण पुत्र आणि सून यांना गमाविलेल्या त्या वृद्धांना उरलेला एकमेव आधारही दिसेनासा झाला. नाथांच्या चरित्रातील हा पहिला व्रण होय आणि पुढे गुरूंनी तो कसा भरून काढला, हे आपण पाहणारच आहोत.

किल्ल्यावरचा गुरू

देवगिरीवर जे गुरू भेटले ते अरण्यात बसलेले तपस्वी नव्हते. जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे. निजामशाहीच्या चाकरीत ते देवगिरीचे किल्लेदार होते. कमरेला तलवार, हाताखाली शिबंदी, दप्तरात रोजचा जमाखर्च आणि अंतःकरणात श्रीदत्तात्रेयांचा अखंड निदिध्यास, असे त्यांचे जीवन होते. स्वामींच्या ध्यानाच्या दिवशी, गुरुवारी, गडावरील कचेरीस सुटी असे, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. गडाच्या माथ्याजवळ जनार्दनस्वामींचे स्थान आजही भाविकांना दाखविले जाते.

शिष्य म्हणून आलेल्या मुलास स्वामींनी लगेच समाधीला बसविले नाही. त्यांनी त्याला कामाला लावले. गुरूंच्या पूजेची तयारी करावी, वस्त्रे धुवावीत, पाणी भरावे, घरातील पडेल ते काम करावे. आणि हाताला वळण लागल्यावर किल्ल्याचा हिशेब लिहावा. आजच्या भाषेत बोलावयाचे तर देवगिरीच्या कचेरीतील एका कारकुनाचे काम एकनाथांकडे आले.

येथेच तो प्रसंग घडला, जो महाराष्ट्रात शेकडो वर्षे कीर्तनांतून सांगितला जात आहे. एके दिवशी जमाखर्चाचा मेळ बसेना. फरक होता अवघ्या एका पैचा. एवढ्या मोठ्या किल्ल्याच्या उलाढालीत एका पैला कोण विचारतो? दुसरा कोणी असता तर त्याने ती पै कोठेतरी मांडून वही मिटली असती. एकनाथांनी वही मिटली नाही. संध्याकाळ झाली, गड निजला, दिव्यातील तेल संपत आले, तरी हा मुलगा पानामागून पान उलटीत आणि बेरजेमागून बेरीज तपाशीत बसला होता. उत्तररात्री केव्हातरी चूक सापडली. त्या आनंदाने त्याने टाळी वाजविली. स्वामी जागे होऊन पाहतात, तो शिष्याचा चेहरा फुललेला! तेव्हा स्वामींनी त्याला प्रेमाने जवळ घेतले आणि जाणीव करून दिली की, एका पैची चूक सापडल्याने इतका आनंद होतो, तर या संसारात येऊन आपण आपल्यालाच विसरलो ही जी मोठी चूक आहे, ती सापडल्यावर केवढा आनंद होईल! हेच चित्त, हीच एकाग्रता भगवंताकडे लाव.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. या कथेतून आपण नेहमी गुरूंचा उपदेश तेवढा घेतो. परंतु उपदेशाच्या आधी काय घडले, याकडे आपले लक्ष जात नाही. स्वामींनी शिष्याची योग्यता ओळखली ती पूजेच्या चौरंगापाशी नव्हे, तर हिशेबाच्या वहीपाशी. चित्त एकाग्र करण्याची साधना एकनाथांनी वेगळी केलीच नव्हती; ती त्यांच्या हातून कामात आपोआप घडली होती. गुरूंनी फक्त तिची दिशा वळविली. ज्याने कामात कधी लक्ष घातले नाही, त्याचे लक्ष डोळे मिटल्यावर देवाकडे लागेल, हे संभवत नाही. जे मन हातातल्या वहीवर ठरत नाही, ते जपमाळेवर तरी कसे ठरावे?

गडावरील आणखी एक प्रसंग सांगतात. स्वामी ध्यानस्थ असताना गडावर शत्रू चालून आला. गुरूंची समाधी मोडावयाची नाही आणि गडही जाऊ द्यावयाचा नाही. तेव्हा एकनाथांनी गुरूंचे चिलखत अंगावर चढविले, शिबंदीला धीर दिला आणि हल्ला परतवून लावला. स्वामी ध्यानातून उठले तेव्हा हा शिष्य शस्त्रे जागच्या जागी ठेवून आपल्या नेहमीच्या कामाला लागला होता. ही कथा घडली तशीच घडली की नाही, याची चर्चा इतिहासकारांनी करावी. पुढे कीर्तनाला उभे राहणाऱ्या या संताने वेळ आल्यावर कर्तव्य टाळले नाही, एवढे लोकमानसाने तीत साठवून ठेवले आहे.

त्यानंतर स्वामींनी त्यांना शूलिभंजन पर्वतावर अनुष्ठानास पाठविले, दत्तात्रेयांचे दर्शन घडविले आणि तीर्थयात्रेची आज्ञा केली. त्र्यंबकेश्वराच्या यात्रेत गुरूंच्या आज्ञेने नाथांनी चतुःश्लोकी भागवतावर मराठीत टीका लिहिली. ही त्यांच्या वाङ्मयसेवेची पहिली ओंजळ होय.

संसाराची आज्ञा

यात्रा आटोपून नाथ पैठणास परतले, पण घरी न जाता देवळात उतरले. साधकाने पुन्हा पाशात सापडू नये, हाच त्यामागील हेतू असावा. परंतु वृद्ध आजोबांनी त्यांना शोधून काढले आणि जनार्दनस्वामींचे पत्र त्यांच्या हाती दिले. त्या पत्रात आज्ञा होती की, पत्र मिळेल तेथेच स्थिर व्हावे, विवाह करावा आणि गृहस्थाश्रमात राहून भक्ती करावी. गुरूंचे अक्षर पाहताच नाथ जागीच थांबले. बारा वर्षांच्या मुलाने ज्या वृद्धांचे घर रात्रीच्या अंधारात सोडले होते, त्या घरी गुरूने त्याला दिवसाढवळ्या परत आणून पोहोचविले.

संन्यासाची आज्ञा पाळणे एक वेळ सोपे. संसाराची आज्ञा पाळणे कठीण. संन्याशाला एकदाच सर्व सोडावे लागते, गृहस्थाला ते घरात राहून रोज थोडे थोडे सोडावे लागते. नाथांचा विवाह गिरिजाबाईंशी झाला. गोदा व गंगा या कन्या आणि हरिपंडित हे पुत्र, असा त्यांचा परिवार होता. पुढे महाभारतकार म्हणून गाजलेले मुक्तेश्वर हे नाथांच्याच मुलीचे पुत्र होत.

नाथांचा दिनक्रम चरित्रकारांनी वर्णिलेला आहे. पहाटे उठून गोदास्नान, देवपूजा, पोथीचे वाचन, दुपारी अतिथींसह भोजन, नंतर भागवताचे निरूपण, रात्री हरिकीर्तन. यात विलक्षण असे काहीच नाही. कोणाही आस्तिक गृहस्थाचा दिवस असाच असतो. विलक्षण होते ते एवढेच की, या दिनक्रमात जे कोणी आडवे येई, त्याला नाथ विघ्न मानीत नसत. अवेळी पाहुणा आला, तर तो त्यांच्या पूजेचाच भाग होई.

येथे एका नावाचा उल्लेख केला नाही, तर आमच्याकडून अपराध घडेल. अतिथी नाथांचे खरे, परंतु चूल होती गिरिजाबाईंची. अपरात्री भिजून आलेल्या पांथस्थांसाठी पुन्हा चूल पेटविणारे हात त्यांचे होते. नाथांची क्षमा पाहावयास आलेला एक गृहस्थ, गिरिजाबाई वाढावयास वाकल्या असता, त्यांच्या पाठीवरच चढून बसला, अशी कथा आहे. त्यांनी रागावण्याऐवजी त्याला मुलासारखे सांभाळून घेतले. नाथांची शांती ही एका माणसाची शांती नव्हती, ती एका घराची शांती होती. उद्धव नावाचे शिष्य या घराचा कारभार पाहत आणि पुरणपोळीच्या गोडीने आलेला गावबा नावाचा मुलगाही याच घरात लहानाचा मोठा झाला. पुढे नाथांचे भावार्थ रामायण अपुरे राहिले तेव्हा युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापुढील लेखन या गावबानेच पूर्ण केले, असे परंपरा सांगते. गिरिजाबाईंच्या हातची पुरणपोळी कोठवर पोहोचली, ते यावरून दिसून येते.

वाळवंटातील परीक्षा

देव घरात पाहणे सोपे आहे, कारण घर आपले असते. रस्त्यावर तो पाहणे कठीण. गोदावरीचे स्नान करून येणाऱ्या नाथांच्या अंगावर एक मनुष्य पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ पुन्हा पुन्हा स्नान करून आले. हे एकशे आठ वेळा घडले, ही कथा लहान मुलांनाही ठाऊक आहे. अखेर तो मनुष्य लज्जित होऊन पायांवर आला, तेव्हा त्याच्यामुळे इतकी गंगास्नाने घडली म्हणून नाथांनी त्याचेच आभार मानले, असे सांगतात.

परंतु आम्हांस त्याहून मोठी वाटते ती वाळवंटातील लेकराची गोष्ट. भर दुपारी तापलेल्या वाळूत एक पोर चुकून रडत होते. ज्यांचा स्पर्श त्या काळी विटाळ मानला जाई, अशा वस्तीतील ते होते. येणारे जाणारे पाहत होते आणि बाजूने जात होते. नाथांनी त्याला कडेवर घेतले, त्याचे नाक पुसले, डोळे पुसले आणि त्याच्या आईच्या हाती नेऊन दिले. त्यात चमत्कार नाही, अलौकिक असे काही नाही. रडणारे मूल उचलणे हे जगातील सर्वांत साधे काम. पण ज्या समाजाने ते साधे कामही अशक्य करून ठेवले होते, त्यात ते करावयास नाथांची छाती लागली. श्राद्धासाठी केलेले अन्न भुकेल्या उपेक्षितांना वाढल्याबद्दल आणि त्यांच्या घरी जेवल्याबद्दल पैठणच्या कर्मठांचा रोष त्यांनी पत्करला.

काशीहून रामेश्वरास नेलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी त्यांनी रिकामी केली, हीही कथा त्याच जातीची आहे. यात्रा निष्फळ झाली, असे बरोबरच्या लोकांना वाटले. नाथांना मात्र रामेश्वर तेथेच भेटला.

वही ती ग्रंथ

नाथांच्या ग्रंथरचनेकडे पाहिले की देवगिरीचा तो कारकून आम्हांस पुन्हा आठवतो. नाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर जी टीका लिहिली ती एकनाथी भागवत या नावाने घरोघर वाचली जाते. तिचे पहिले पाच अध्याय पैठणास झाले. देववाणीतील ज्ञान प्राकृतात आणल्याबद्दल काशीच्या पंडितांनी आक्षेप घेतला, नाथांना काशीस जावे लागले आणि तेथेच शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, हा अठरा हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ पूर्ण झाला. विरोध करणाऱ्यांनीच पुढे त्याचा गौरव केला, असे चरित्रे सांगतात.

त्यानंतरचे त्यांचे एक कार्य असे आहे की, त्याविना मराठी माणूस दरिद्री राहिला असता. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी तीनशे वर्षे हस्तलिखितांतून फिरत होती. उतरून घेणाऱ्यांच्या चुका, मध्येच घातलेल्या ओव्या, बदललेले शब्द यांनी तिचा पाठ गढूळ झाला होता. नाथांचा कंठ दुखू लागला, माउलींनी स्वप्नात येऊन आळंदीस बोलाविले आणि समाधीतील अजानवृक्षाची मुळी कंठास लागली आहे ती काढ, असे सांगितले, ही कथा सर्वश्रुत आहे. आळंदीहून परतल्यावर नाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, पाठ पडताळून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढील लोकांनी तीत आपल्या पदरची ओवी घालू नये, असे बजावूनही ठेवले. विशेष हे की, स्वतः हजारो ओव्या रचणाऱ्या या कवीने तीत आपली भर घातली नाही. एका पैसाठी रात्र जागविणारी दृष्टी पन्नाशीत एकेका अक्षरासाठी जागली! पैचे काम क्षुद्र म्हणून जर त्या मुलाने टाळले असते, तर हे काम त्याच्या हातून कसे झाले असते?

कचेरीतील दिवस नाथांनी कधी वाया गेले असे मानले नाहीत, याचा आणखी एक पुरावा त्यांच्या भारुडांत आहे. अर्जदस्त, जाबचिठ्ठी, ताकीदपत्र, अभयपत्र हे सारे दप्तरातील कागदांचे प्रकार. नाथांनी त्यांचीच रूपके करून जीवाशिवाचा व्यवहार लोकांना समजावून दिला. दारावर येणारा जोशी, पहाटेचा वासुदेव, गोंधळी, भुत्या, फकीर, आंधळा, बहिरा, मुका, इतकेच काय पण नांगी मारणारा विंचूसुद्धा त्यांच्या भारुडांत परमार्थ बोलू लागला. शेतातून, बाजारातून, कचेरीतून जे जे समोर आले ते ते त्यांनी देवाच्या दारी नेऊन उभे केले. रोजच्या जगण्यातील एकही गोष्ट त्यांनी परमार्थाबाहेर ठेवली नाही, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

घरातील कसोटी

इतक्या थोर पुरुषाच्या घरी तरी सारे सुरळीत असेल, असे वाटणे साहजिक आहे. तसे नव्हते. पुत्र हरिपंडित मोठे विद्वान निघाले. परंतु वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे आणि कोणाच्याही घरचे अन्न घ्यावे, हे त्यांना रुचेना. मतभेद विकोपाला गेला आणि ते घर सोडून काशीस गेले. जगाला शांती देणाऱ्या पित्याचा पुत्र रुसून गेला! नाथांनी त्याला वादात जिंकण्याचा प्रयत्न केला नाही. ते स्वतः काशीस गेले आणि यापुढे प्राकृतात सांगणार नाही, परान्न घेणार नाही, या मुलाच्या अटी मान्य करून त्याला घरी घेऊन आले.

आता संस्कृतात पुराण सुरू झाले आणि हरिपंडित सांगू लागले. हळूहळू श्रोते कमी झाले. वाडा ओस पडू लागला. ज्या मराठी वाणीसाठी नाथांनी काशीचा रोष सोसला होता, ती त्यांनी मुलासाठी मिटून ठेवली होती. यासाठी त्यांच्या मनाला किती यातना झाल्या असतील, याची कोठेच नोंद नाही. पुढे एका निर्धन विधवेने सहस्रभोजनाचा आपला जुना संकल्प एका ब्रह्मज्ञान्याला जेवू घालून पुरा करावा, असे ठरले आणि तिने नाथांना बोलाविले. स्वयंपाक हरिपंडितांनी केला. जेवण झाल्यावर नाथांनी मुलास पत्रावळ उचलावयास सांगितली. त्यांनी एक उचलली, तो खाली दुसरी. दुसरी उचलली, तो तिसरी. असे सहस्र वेळा झाले, अशी कथा आहे. पत्रावळी उचलता उचलता हरिपंडितांचा अभिमान गळून पडला आणि वाड्यात पुन्हा मराठी निरूपण सुरू झाले.

चमत्कार बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. त्या विद्वान पुत्राचे डोळे शास्त्रचर्चेने उघडले नाहीत, उष्टी काढण्याने उघडले. पुत्राशी ज्यांचे पटत नाही अशा वडिलांनी आणि वडिलांशी ज्यांचे पटत नाही अशा पुत्रांनी, या प्रसंगाचे आजच्या दिवशी चिंतन करावे.

रांजण

नाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा एक गडी होता. तो पूजेसाठी चंदन उगाळी, गोदावरीहून कावडीने पाणी आणून रांजण भरी आणि सांगितले ते काम करी. असे बारा वर्षे चालले. तिकडे द्वारकेत कृष्णदर्शनासाठी तप करणाऱ्या एका ब्राह्मणाला दृष्टांत झाला की, कृष्ण द्वारकेत नसून पैठणास नाथांच्या घरी पाणी भरीत आहे. ब्राह्मण धावत आला. तोवर श्रीखंड्या अंतर्धान पावला होता. मागे उरला तो रांजण. पैठणच्या नाथवाड्यात तो आजही आहे. षष्ठीच्या सोहळ्यात भाविक तो पाण्याने भरतात आणि ज्याच्या घागरीने रांजण भरून वाहू लागतो, त्याच्या रूपाने देवच पाणी भरून गेला, असे मानतात.

ही कथा म्हणजे नाथांच्या सर्व शिकवणीचे सार होय. द्वारकेला तप करणाऱ्यास जो दिसला नाही, तो पाणी भरणाऱ्याच्या वेषात बारा वर्षे घरात वावरत होता. आणि नवल असे की, नाथांनाही तो ओळखता आला नाही! मात्र ओळख नसतानाही त्यांनी गड्याला गड्यासारखे तुच्छ लेखले नाही, म्हणूनच देव त्या घरी राहिला. आपल्या घरी भांडी घासावयास येणारी बाई, कारखान्यातील सोबती, कचेरीतील शिपाई यांच्याशी आपण कसे बोलतो, याचा हिशेब आज प्रत्येकाने मांडून पाहावा. कदाचित तेथेच आपली ती एका पैची चूक सापडेल.

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीच्या पात्रात देह ठेवला. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांच्यावरील दत्तकृपा, त्यांचे निर्वाण, गुरुशिष्यांची भेट आणि नाथांची जलसमाधी या पाचही गोष्टी याच तिथीला घडल्या, अशी श्रद्धा असल्यामुळे तिला पंचपर्व षष्ठी असे म्हणतात. त्याच सुमारास, १६०० साली, अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. ज्या राज्यासाठी देवगिरीवर जमाखर्च लिहिला गेला ते राज्य पुढे लयास गेले, त्या वह्याही गेल्या; परंतु त्या वह्यांवर घडलेले चित्त मात्र चारशे वर्षे महाराष्ट्राला पुरले आहे. महिपतींनी १७७४ साली भक्तलीलामृतात नाथांचे चरित्र विस्ताराने गाइले, ते याच पुण्याईने.

आता पुन्हा मुकुंदवाडीकडे वळू. पैठणजवळ जायकवाडीचे जे विशाल धरण झाले, त्याच्या जलाशयाला नाथसागर हे नाव आहे आणि शहराच्या नळांना तेथूनच पाणी येते. म्हणजे ज्या गोदावरीचे पाणी श्रीखंड्याने कावडीने वाहिले, तेच पाणी आज मुकुंदवाडीच्या गृहिणीच्या घागरीत पडते. षष्ठीला पैठण गाठता आले नाही म्हणून तिने कष्टी होऊ नये. सोवळ्याचे कडक नियम तिला पाळता येत नसतील, लांबलचक पोथी वाचावयास सवड होत नसेल. पण माठ भरताना, त्यातील पहिला तांब्या तहानेल्यास देताना, ती नाथांच्या वाड्यातील सेवाच करीत असते. आणि पाळीवर गेलेल्या तिच्या पतीने हातातले काम कोणी पाहो वा न पाहो चोख केले, सोबत्याच्या चुकीवर थुंकण्याऐवजी ती सावरून घेतली, तर त्याचीही वारी पांडुरंगाच्या दरबारी रुजू झाल्यावाचून राहणार नाही.

काम हीच पूजा असे म्हणून पूजा टाळण्याची वाट आम्ही दाखवीत आहोत, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. नाथांनी पूजा कधी चुकविली नाही आणि कामही कधी चुकविले नाही. पहाटेच्या पूजेत जे मन शुद्ध होते ते दिवसभराच्या व्यवहारात वापरावयाचे आणि व्यवहारात ज्या चुका होतात त्या रात्री देवापुढे बसून शोधावयाच्या, असा हा दुहेरी जमाखर्च आहे. आज सायंकाळी देवापाशी दिवा लागला की, आपल्या दिवसाची वही आपण क्षणभर उघडू. मेळ बसला तर आनंदच आहे. नाही बसला, तर देवगिरीवरील त्या मुलाप्रमाणे वही न मिटता थोडे अधिक जागू.